सात वर्षे न उघडलेला खोका

मित्रांनो, मी एक जुना लाकडी खोका आहे. खोका म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे पुठ्ठ्याचा, चिकटपट्टी लावलेला आणि दोनदा वापरून रद्दीत जाणारा खोका आला असेल. तो माझा दूरचा नातेवाईक. माझ्या अंगाला फळ्या आहेत, कोपऱ्यांना लोखंडी पट्ट्या आहेत आणि झाकणाला आठ स्क्रू आहेत.

माझ्या फळ्या एका बंद पडलेल्या कारखान्यातून आल्या. सुताराने त्या रंधून घेतल्या आणि दोन दिवस खपून मला जोडले. मला घेऊन जायला आले ते घरसामान हलवणारे मामा. ते कुणाचे सख्खे मामा होते कोण जाणे, पण ज्या घरात पाऊल टाकत त्या घरातली लहानथोर सगळी माणसे त्यांना मामाच म्हणत. मामांनी माझ्यावर बोटाची गाठ वाजवून पाहिली, माझ्या झाकणावर स्वतः बसून पाहिले आणि म्हणाले, "हा काचेसाठी."

तेव्हापासून मी नाजूक वस्तूंचा खोका झालो. मी किती घरे पाहिली म्हणून सांगू! प्रत्येक घरात मामा तीच शिकवण देत, आणि ती दर वेळी नवी असल्यासारखी देत.

"ताई, पुस्तकं लहान खोक्यात भरा. मोठ्यात भराल तर उचलायला पैलवान आणावा लागेल. मोठ्या खोक्यात उशा, पांघरुणं. ताटल्या आडव्या रचू नका, उभ्या ठेवा, एकीला एक टेकवून. आणि मधे जागा सोडू नका. भांडं धक्क्यानं फुटत नाही, रिकाम्या जागेनं फुटतं. मोजे कोंबा, टॉवेल कोंबा, काहीही कोंबा, पण कोंबा."

कपाट सुटे केले की त्याचे स्क्रू ते पुडीत बांधत आणि ती पुडी कपाटाच्याच फळीला चिकटवत. आत काय आहे ते झाकणावर न लिहिता खोक्याच्या कुशीवर लिहीत. खोके एकावर एक चढले की झाकण कुणाला दिसते? चहाचे भांडे, औषधे आणि रात्रीचे अंथरूण ते गाडीत सगळ्यात शेवटी चढवत, म्हणजे ते सगळ्यात आधी हाती येई.

आणि घराला कुलूप लागायच्या आधी ते एक गोष्ट न चुकता विचारत. "नवा पत्ता मागे ठेवलात ना? सामान गाडीतून येतं. माणसाला पत्ता लागतो."

लोक मला हात लावून म्हणत, "हा खोका मात्र दणकट हं मामा." त्या दिवसांत माझ्यात ठेवलेला एकही पेला फुटला नाही. कौतुकाची सवय वाईट असते. मला वाटू लागले, माझ्या पोटात जे जाईल ते सुखरूपच बाहेर येईल.

मग आम्ही त्या घरी गेलो.

तिसऱ्या मजल्यावरचे घर होते. इमारत जुनी झाली म्हणून पाडायची होती, आणि सगळ्यांना शुक्रवारपर्यंत घरे रिकामी करायची होती. घरात आई आणि तिची लेक, दोघीच. आई शाळेत शिकवून निवृत्त झालेली. लेक पंचविशीची, एका कचेरीत टंकलेखनाचे काम करणारी. वडील दोन वर्षांपूर्वी गेले होते. आणि एक खोली होती, तिचे दार ओढून घेतलेले होते.

"ती खोली राहू द्या," आई म्हणाली.

मामा म्हणाले, "ताई, इमारत पडायची आहे. खोली कशी राहील?"

लेकीने पुढे होऊन दार उघडले. आत एक पलंग, एक मेज, खुंटीवर दोन सदरे. मेजावर वही उघडी होती आणि तिच्यावर पेन आडवे ठेवलेले होते. कुठेही धूळ नव्हती. पाच वर्षांपूर्वी थोरला मुलगा या खोलीतून वडिलांशी भांडून निघून गेला होता. शिक्षण अर्धवट सोडण्यावरून वाद झाला आणि शब्दाने शब्द वाढला. त्यानंतर त्याचे एकच पत्र आले. 'मी बरा आहे. शोधू नका.' वडील गेल्याचेही त्याला ठाऊक नव्हते. कळवणार कुठे?

मामांनी चपला काढल्या आणि मगच ते त्या खोलीत गेले. त्यांनी एका कागदावर खोलीचा नकाशा काढला. पलंग इथे, मेज तिथे, खुंटी खिडकीपासून इतकी दूर. "नव्या घरी हवी तशी लावून देतो," ते म्हणाले. पण नवे घर दोनच खोल्यांचे होते. हे तिघांनाही ठाऊक होते. तरी आईने तो नकाशा घडी करून पदराच्या टोकाला बांधला.

त्या मुलाचे सामान माझ्यात आले. काचेचे त्यात काहीच नव्हते. सदरे, वह्या, एक हातोडी, बुटांचा जोड आणि पोहायचा चष्मा. मामांनी ते असे भरले की जणू सगळे काचेचेच होते.

मग आईने दोन चिठ्ठ्या लिहिल्या. दोन्हींवर नवा पत्ता, शाळेच्या फळ्यावर लिहावा तशा स्वच्छ अक्षरात. त्या तिने लेकीच्या हातात दिल्या. "एक समोरच्या शिंप्याला दे. तो कुठे जात नाहीये. एक पोस्टात. तुझा दादा आला तर आधी शिंप्याकडेच विचारेल."

लेक जिना उतरली. पहिल्या मजल्यापर्यंत तिच्या पायांचा आवाज मी ऐकला. मग आवाज थांबला. थोड्या वेळाने ती वर आली. आई स्वयंपाकघरात होती आणि मामा गच्चीवर दोऱ्या आणायला गेले होते. लेक माझ्यापाशी आली. तिने वरचा सदरा उचलला, दोन्ही चिठ्ठ्या त्याच्या खाली सरकवल्या आणि सदरा पुन्हा नीट केला.

मामा आले. त्यांनी आठ स्क्रू आवळले.

"पत्ता ठेवलात ना मागे?" त्यांनी विचारले.

"हो," लेक म्हणाली.

मित्रांनो, मामा काम झाले की मला परत नेत. पण त्या वेळी नव्या घरी पोचल्यावर आई म्हणाली, "खोका उघडू नका. असाच राहू दे." मामांनी माझ्यावर एकदा हात फिरवला आणि मला तिथेच सोडून ते गेले.

मी नव्या घराच्या बैठकीत, खिडकीखाली उभा राहिलो. पहिल्या वर्षी आईने माझ्यावर एक कापड घातले. दुसऱ्या वर्षी ती माझ्याजवळ खुर्ची घेऊन बसू लागली. दुपारचे ऊन माझ्या फळ्यांवर यायचे, लाकूड तापायचे आणि ऊन सरले की मी कट्कन वाजायचो. लाकडाचा तो स्वभावच आहे. पण आई दचकून वळायची आणि म्हणायची, "काय रे?"

पुढे पुढे ती दचकेनाशी झाली. ती वाट पाहू लागली. मी वाजलो की तिचा चेहरा उजळायचा आणि ती मला दिवसभराचे सांगायची. नळाला पाणी कमी येते. गुडघा दुखतो. तुझे बाबा रागीट होते, पण शेवटी तुझेच नाव घेत होते. मी न वाजण्याचा पुष्कळ प्रयत्न केला. खोक्याला ते जमत नाही.

लेक कामावरून येऊन हे ऐकायची. एकदा ती ओरडली, "आई, लाकूड आहे ते! लाकडाशी काय बोलतेस?"

आई शांतपणे म्हणाली, "मग तू बोल ना माझ्याशी."

लेक आत निघून गेली. रोज कचेरीतून आल्यावर चपला काढण्याआधी ती एकदा माझ्याकडे बघायची. कधी आईने विचारले, "त्या बाजूला जाऊन यायचं का गं? शिंप्याला विचारलं असतं," तर ती म्हणायची, "आला असता तर शिंप्यानं पाठवला नसता का?" आणि आईला ते पटायचे. जुनी गल्ली शहराच्या दुसऱ्या टोकाला होती आणि आईच्या गुडघ्यांना दोन जिनेही जड होते.

सदऱ्याखालच्या त्या दोन चिठ्ठ्यांना वजन असे कितीसे असणार? मी लोखंडी इस्त्र्या वाहिल्या आहेत, आरसे वाहिले आहेत. इतके जड काही मी वाहिले नव्हते.

सात वर्षे झाली. लेकीची बदली झाली, पुन्हा घर बदलायचे ठरले आणि मामा आले. त्यांचे केस पांढरे झाले होते. त्यांनी माझ्याभोवती एक फेरी मारली, खाली वाकून माझ्या तळाची फळी नखाने खरवडली आणि भुकटी बोटावर घेऊन आईला दाखवली.

"ताई, वाळवी लागलीये. आता तरी उघडावा लागेल, नाहीतर आतलं सगळं जाईल."

"नको," लेक पटकन म्हणाली. "आहे तसा नेऊ."

आईने ती भुकटी बोटावर घेऊन चोळली. मग म्हणाली, "उघडा."

स्क्रू गंजले होते. मामांनी प्रत्येकाला तेलाचा एक थेंब दिला आणि आठही काढले. झाकण निघाले. आईने वरचा सदरा दोन्ही हातांनी उचलला, आणि चिठ्ठ्या जमिनीवर पडल्या.

तिने आपले अक्षर ओळखले.

"ही शिंप्याला दिली होतीस ना?" तिने विचारले.

"नाही."

"आणि पोस्टात?"

"नाही." लेक भिंतीला टेकून उभी होती. "बाबा शेवटच्या महिन्यात मला त्याच्या नावानं हाक मारायचे. त्यांना कुशीवर मी वळवायचे, औषध मी द्यायचे आणि हाक त्याची. तूही तेच. मला वाटलं, इथेच संपू दे. नव्या घरात तरी आपण दोघीच राहू."

मामा खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. आईने चिठ्ठ्या उचलल्या, एकावर एक ठेवल्या आणि म्हणाली, "मामा, गाडी आधी जुन्या गल्लीत घ्या."

मी त्या गाडीत, मागे, झाकणाशिवाय होतो. म्हणून पुढचे सगळे मी ऐकले.

जुन्या इमारतीच्या जागी नवी, उंच इमारत उभी होती. समोर शिंप्याचे दुकान मात्र होते तिथेच होते. म्हातारा शिंपी चष्मा कपाळावर सरकवून बाहेर आला. त्याने आईला ओळखले आणि तो जरा रागानेच बोलला.

"बाई, अहो कुठे होता तुम्ही? तुमचा मुलगा येऊन गेला की. दोनदा!"

आईने गाडीची कडी धरली.

"पहिल्यांदा एकटाच आला. विचारलं, इथली माणसं कुठं गेली? मी काय सांगणार? मला कुणी पत्ताच दिला नव्हता. दुसऱ्यांदा आला त्याला दोन वर्षं झाली असतील. तेव्हा खांद्यावर लहान मुलगी होती. म्हणाला, 'पोस्टातही नाही. पत्ता ठेवला नाही म्हणजे मुद्दामच ठेवला नसेल. आईला मी नको असेन.' मी म्हटलं, असं नसतं रे. पण तो थांबला नाही."

लेक दुकानाच्या पायरीवर बसली. ती रडली नाही. नुसती बसली.

आईने एवढेच विचारले, "मुलगी कुणासारखी होती हो?"

"झोपलेली होती, बाई. तोंड त्याच्या खांद्यात. मला फक्त केस दिसले. दोन वेण्या होत्या."

"दोन वेण्या," आई म्हणाली.

मग लेक उठली. तिने पत्ता लिहायला कागद मागितला तसा शिंपी म्हणाला, "कागद नको. कागद हरवतो." त्याने अस्तराच्या कापडाचा एक तुकडा काढला. लेकीने त्यावर शिंप्याच्या खडूने आता जात होत्या त्या नव्या घराचा पत्ता लिहिला. तिने तो दोनदा पुसून पुन्हा लिहिला. शिंप्याने त्या अक्षरांवरून काळ्या दोऱ्याने मशीन चालवले आणि ते कापड दुकानाच्या दारावर चारही बाजूंनी खिळे मारून लावले. मग लेक एकटी पोस्टापर्यंत चालत गेली आणि आली. आई वाट पाहत गाडीतच बसून होती. लेक आल्यावर ती सरकली आणि तिने शेजारी जागा केली.

नव्या घरी आईने माझ्यातले सगळे स्वतः बाहेर काढले. सदरे उन्हात टाकले. मला मामांच्या हवाली करताना ती म्हणाली, "आता तुमच्याकडेच असू दे. इथे ठेवला तर मी पुन्हा याच्याशीच बोलत बसेन." आणि आत वळून तिने लेकीला हाक मारली. लेकीच्याच नावाने.

मामांनी माझी कुजलेली फळी बदलली. तो मुलगा आला का, हे मला ठाऊक नाही. मी त्याला कधी पाहिलेले नाही. त्याच्या सदऱ्यांचा वास मात्र माझ्या लाकडातून जात नाही. आम्ही कुणाच्या घरी गेलो आणि दार कुणा पुरुषाने उघडले की मी आधी तो वास शोधतो. एकदा दोनदा वाटले, हाच. मग त्या घरातल्या ताटल्या माझ्यात भरल्या गेल्या आणि आम्ही पुढे निघालो.

मित्रांनो, मी आता म्हातारा झालो आहे. माझ्या कोपऱ्याची पट्टी लागेल म्हणून लोक मला जरा दूर धरतात, आणि तेही बरोबरच आहे. माझी एवढीच विनवणी आहे. तुम्हीही कधीतरी घर बदलाल. ताटल्या उभ्या ठेवा, पुस्तके लहान खोक्यात भरा. पण झाकण लावण्याआधी क्षणभर थांबून बघा, कुणाला द्यायची वस्तू किंवा कुणाला सांगायची गोष्ट तुम्ही सामानाखाली सरकवली तर नाही ना? मला सगळे ठाऊक होते आणि मला तोंड नव्हते. तुम्हाला आहे.

तसे काही सापडले तर लाजू नका. जिना उतरा आणि देऊन या. उशीर होईल म्हणून घाबरू नका. मामांची गाडी तेवढा वेळ थांबते.