उरलेली तीन कामे

मित्रांनो, टीव्हीखालच्या खणात, गुंडाळून ठेवलेल्या वायरींच्या मागे मी पडलेला असतो. मी व्हिडिओ गेमचा एक जुना कंट्रोलर आहे. दोन्ही हातांत धरायचा आणि अंगठ्यांनी चालवायचा. आता माझी डावी दांडी कोणी हात न लावताही एका बाजूला कलते आणि माझ्या बटणांवरची चिन्हे पुसली गेली आहेत. अशा निकामी वस्तूची कहाणी कशाला ऐकायची, असे तुम्हाला वाटेल. पण मी ज्या घरात राहिलो तिथे एक गोष्ट घडली. ती माझ्या साक्षीने घडली आणि थोडी माझ्यामुळेही घडली, म्हणून सांगतो.

माझ्या जन्माविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. कारखान्यातल्या एका बाईने माझे प्रत्येक बटण तीनतीनदा दाबून पाहिले, दांड्या गरागरा फिरवल्या आणि मला पुढे सरकवले. माझ्या पोटात दोन छोट्या मोटारी आहेत. खेळात काही मनासारखे झाले की त्या फिरतात आणि मी खेळणाऱ्याच्या तळहातात थरथरतो. शाबासकी देण्याची माझी तेवढीच रीत.

मला विकत आणले ते कवळ्या बनवणाऱ्या एका मुलीने. दंतवैद्य तोंडाचे माप पाठवत आणि त्यावरून ती दात घडवत असे. घरात ती आणि तिचे वडील दोघेच. आई काही वर्षांपूर्वी गेलेली. वडील लिफ्टचे मेकॅनिक होते. छत्तीस वर्षे त्यांनी इमारतींच्या पोटातल्या अंधाऱ्या बोळात लोंबकळत काढली होती. इमारतीतले सगळे त्यांना लिफ्टकाका म्हणत. निवृत्त झाले आणि त्यांचे हात रिकामे झाले. त्या रिकाम्या हातांनी मग घरात नुसता धुमाकूळ घातला. न गळणारा नळ त्यांनी उघडला, तो गळू लागला. दाराची कडी सोडवून पुन्हा बसवली, तर दार लावताना खांदा द्यावा लागू लागला. शेवटी एका रविवारी दुपारी मुलीने मला त्यांच्या हातात ठेवले.

"बाबा, हे धरा. हे उघडायचं नाही, चालवायचं."

त्यांनी मला उलटसुलट करून माझे स्क्रू मोजले. "हँडल बरं बनवलंय," ते म्हणाले. तेव्हापासून मी त्यांच्या लेखी हँडल झालो.

तो खेळ एका नावाडिणीचा होता. राजाने तिच्या धाकट्या भावाला नदीच्या उगमावरच्या गडात डांबलेले असते आणि तिने प्रवाहाविरुद्ध नाव वल्हवत जाऊन त्याला सोडवायचे असते. पडद्याच्या कोपऱ्यात कामांची यादी दिसे. सगळ्यांत वर पिवळ्या अक्षरांत लिहिलेले असे, 'भावाला सोडव. वेळ थोडा आहे.' त्याखाली पांढऱ्या अक्षरांत आडवाटेची कामे. कुंभाराची भट्टी पेटवून दे. हरवलेली शेळी शोध. पलीकडच्या तीरावर चिठ्ठी पोहोचव. या कामांना मुलगी साइड मिशन म्हणायची. लिफ्टकाका त्यांना किरकोळ कामे म्हणायचे आणि त्यांचा सगळा जीव त्या किरकोळीतच अडकला होता.

"बाबा, भाऊ अडकलाय तिकडे," मुलगी म्हणायची.

"अगं ठमे, त्या म्हाताऱ्याची शेळी हरवलीय. एवढी देऊन येतो."

शेळी दिली की म्हातारा दोन्ही हात जोडायचा, यादीतल्या ओळीपुढे बरोबरची खूण उमटायची आणि मी थरथरायचो. लिफ्टकाकांच्या चेहऱ्यावर तेव्हा जो आनंद दिसे तो मी विसरणार नाही. एकदा ते मुलीला म्हणाले, "छत्तीस वर्षांत मला कोणी आभारी आहे म्हटलं नाही बघ. लिफ्ट चालू असली की मेकॅनिक कोणाला आठवत नाही आणि बंद पडली की शिव्या. इथे शेळी आणून दिली तरी माणसं हात जोडतात." मुलगी हसली, पण नंतर तिने त्यांना घाई करणे कमी केले.

मित्रांनो, या आडवाटेच्या कामांना मी वाईट म्हणणार नाही. अशाच एका कामात घाटावरची एक बाई नदीत पडलेला आपला कंगवा शोधून मागते. लिफ्टकाकांनी तळाशी बुड्या मारून तो आणून दिला. त्या बाईच्या डोक्यावर केसच उरले नव्हते. तिने कंगवा नुसता ओच्यात ठेवला. लिफ्टकाकांनी मला मांडीवर ठेवले.

"तुझी आई कंगवा दातात धरून वेणी घालायची," ते म्हणाले. "आणि बोलायची पण तशीच. मला एक अक्षर कळायचं नाही. मी आपला हो म्हणायचो. कशाकशाला हो म्हटलं असेल, देव जाणे."

आई गेल्यापासून तिच्याविषयी ते पहिल्यांदाच बोलले होते. त्या दुपारी खेळ तसाच सुरू राहिला आणि बापलेक तिन्हीसांजेपर्यंत आईविषयी बोलत बसले. सरळ गडाकडे गेले असते तर हे घडले नसते. म्हणून तर ही कामे इतकी गोड वाटतात. लहान असतात, हातात मावतात, संपतात आणि संपल्यावर कोणीतरी आभार मानते.

त्यांत खोट एकच, आणि ती मला फार उशिरा कळली. पिवळ्या ओळीत 'वेळ थोडा आहे' असे लिहिलेले असले तरी ते खरे नसते. तुम्ही शेळ्या शोधा, भट्ट्या पेटवा, वर्ष लावा. गडातला भाऊ आहे तिथेच आणि आहे तसाच थांबतो. त्याला खरचटतही नाही. मुख्य काम आपल्यासाठी थांबून राहते, ही सवय खेळ अगदी हळूच लावतो.

सहा-सात महिन्यांनी लिफ्टकाकांचा खेळ बिघडला. नावाडिणीवर डावीकडून कोणी चालून आले की ते हमखास मार खायचे.

"डावीकडे बघा ना, बाबा."

"डावीकडे काही नाहीये."

डावीकडे शिपायांनी भरलेली आख्खी नाव उभी होती. मुलगी पोट धरून हसली. मग एकदा त्यांच्या डाव्या हाताला ठेवलेला चहाचा कप कोपर लागून उलटला, आणि त्याच आठवड्यात बाथरूमच्या चौकटीवर आपटून त्यांच्या कपाळाला टेंगूळ आले. तेव्हा मात्र ती हसली नाही. दुसऱ्या दिवशी रजा टाकून ती त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली.

तिथे काय झाले ते मला सोफ्यावरच्या बोलण्यातून कळले. काचबिंदू होता आणि बराच पुढे गेलेला होता. नजर कडांकडून आत आत खात आला होता. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितले होते, "जे दिसायचं बंद झालं ते परत येणार नाही. जे उरलंय ते राखायचं आहे. थेंब सकाळ-संध्याकाळ, न चुकता. आणि ऑपरेशन लवकर करून घ्या, लांबवू नका."

"दुखत तर काहीच नाही," लिफ्टकाका म्हणाले होते.

"हा दुखत नाही, काका. म्हणून तर लोक उशिरा येतात."

ऑपरेशनची पहिली तारीख होती त्या आठवड्यात इमारतीचा पाण्याचा पंप बंद पडला. बाहेरचा माणूस बोलावता आला असता. पण वरच्या मजल्यावरच्या बाई दारात येऊन म्हणाल्या, "काका, तुमच्यासारखा हात नाही हो कोणाचा." लिफ्टकाकांनी डॉक्टरांकडे फोन करून तारीख पुढे ढकलली. पंप चार दिवसांत सुरू झाला. लोकांनी आभार मानले. दुसऱ्या तारखेला त्यांची थोरली बहीण घर बदलत होती आणि तिची कपाटे सोडवून पुन्हा जोडायची होती. "एवढं उरकतो, मग डोळ्याचंच बघायचं," ते म्हणाले. थेंबांचेही तसेच. हातात पाना असला की सकाळचे राहत, जेवण झाल्यावर डुलकी लागली की संध्याकाळचे.

तिसरी तारीख मात्र त्यांनी मोडली नाही. ती मुलीने मोडली. तिच्या कामावरची एक सहकारी बाळंतपणाच्या रजेवर गेली आणि कवळ्यांचा ढीग साचला. त्या रविवारी ती माझ्यावर बोट फिरवत म्हणाली, "बाबा, पुढच्या महिन्यातली तारीख घेतली तर चालेल का? मला तेव्हा नीट रजा मिळेल."

"चालेल की. घाई कसली आहे," ते इतके चटकन म्हणाले की दोघांनाही हायसे वाटले. लगेच त्यांनी खेळ लावला आणि एका कोळ्याची फाटलेली जाळी शिवून दिली. खूण उमटली. मी थरथरलो. त्या दिवशी तरी मी गप्प राहायला हवे होते, पण ते माझ्या हातात नव्हते.

लिफ्टकाका माझ्या येण्याआधीपासून तसेच होते, की मी त्यांना तसे केले? मी खणात पडल्यापडल्या याचा पुष्कळ विचार केला आहे. मला ठरवता आलेले नाही.

शेवटी ऑपरेशन झाले, पण पहिल्या तारखेनंतर दहा महिन्यांनी. डावा डोळा तोवर गेलेला होता. उजव्यात मध्यावर तेवढे दिसे. "पाइपातून बघितल्यासारखं वाटतं," लिफ्टकाका म्हणाले. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. त्यांनी फक्त मुलीला बाहेर बोलावले आणि तेही फार दिवस टिकणार नाही असे सांगितले. मुलीने घरी येऊन ते वडिलांपासून लपवले नाही.

"मग तो खेळ तरी संपवू," ते म्हणाले. "भाऊ दिसतो कसा, ते बघायचंय मला."

आता दर रविवारी दोघे जवळ जवळ बसत. पडद्यावरच्या चित्राचा एकेक तुकडा त्यांच्या त्या पाइपात यायचा आणि बाकीचे मुलगी सांगायची. "डावीकडे खडक. आता सरळ. थांबा, पूल आहे." नदी अरुंद होत गेली, धबधबे आले आणि एका दुपारी गडाचा दरवाजा समोर उभा राहिला. दरवाजाला हात लावताच पडद्यावर सूचना आली. मुलीने वाचून दाखवली. "आत गेल्यावर मागे येता येणार नाही. तुमची तीन कामं उरली आहेत, ती तशीच राहतील."

लिफ्टकाका थांबले. त्यांचा अंगठा माझ्या बटणावर होता. नुसता दाबायचा होता.

"कुठली तीन?" त्यांनी विचारले.

"जाऊ द्या ना, बाबा."

"सांग तर."

"एका घराला शिडी करून द्यायचीय. एकाला वल्हं हवंय. आणि एका मुलीचं मांजर झाडावर अडकलंय."

ते थोडे हसले. "मांजर तसंच ठेवून कसं जायचं? एवढी तीन करून घेऊ. दोन रविवार जातील फार तर."

मुलीने त्यांच्याकडे पाहिले. ती नाही म्हणू शकली असती. पण कितीतरी दिवसांनी ते हसले होते. "बरं," ती म्हणाली आणि त्यांनी नाव वळवली.

दोन नाही, पाच रविवार गेले, कारण शिडीची लाकडे त्यांना दिसत नव्हती आणि आपणच शोधू असा त्यांचा हट्ट होता. चौथ्या रविवारी वल्हे झाले. पाचव्या रविवारी मांजर खाली उतरले. सगळ्या खुणा उमटल्या. यादीत आता एकच पिवळी ओळ उरली. लिफ्टकाकांनी मान वर केली आणि विचारले, "टीव्ही बंद केलास का?"

टीव्ही चालू होता. मुलीने त्यांच्या चेहऱ्यासमोर हात हलवून पाहिला. मग तो हात तिने स्वतःच्या तोंडावर ठेवला. दोघे धावत डॉक्टरांकडे गेले, तपासण्या झाल्या, थेंब बदलले, पण नजर परतली नाही. पडद्यावर नावाडीण मांजर उतरवलेल्या त्या झाडाखाली तशीच उभी राहिली होती.

महिन्याभराने एका दुपारी लिफ्टकाका आपण होऊन म्हणाले, "हँडल दे."

त्यांनी मला धरले, तिने त्यांचे अंगठे धरले. असे चार हातांनी त्यांनी गडाचे दार उघडले. अंधारकोठडीचे कुलूप तोडले. भाऊ उठून उभा राहिला.

"कसा आहे?" त्यांनी विचारले.

"लहान आहे. कुरळे केस आहेत. गालावर खळी आहे." तिने सांगितले.

तेवढ्यात भाऊ बोलला. हे वाक्य तो खेळणाऱ्या प्रत्येकाला म्हणतो, लवकर या की उशिरा, त्याला तेच शिकवलेले आहे. "मला ठाऊक होतं, तू वेळेवर येशील."

मी पूर्ण ताकदीनिशी थरथरलो. खेळातले सर्वांत मोठे काम झाले होते ना!

लिफ्टकाकांनी विचारले, "वेळेवर म्हणतोय का तो?"

"हो, बाबा."

त्यांनी मला मांडीवरून उचलले आणि हाताने चाचपत टेबलाची कड शोधून तिथे ठेवले. त्यानंतर त्या घरात तो खेळ कोणी लावला नाही. मुलगी कधी काही शोधायला खण उघडते, माझ्यावरून नजर काढून घेते आणि खण लावते. वरच्या मजल्यावरच्या बाई मध्ये एकदा काकांची चौकशी करायला आल्या होत्या. बसल्या, पाणी प्यायल्या, पंप पुन्हा आवाज करतोय हे सांगता सांगता गप्प झाल्या आणि निघून गेल्या.

डोळ्यांत थेंब अजून घालावे लागतात. दिसावे म्हणून नव्हे; आतला दाब वाढून डोळा ठणकू नये म्हणून. सकाळी आणि संध्याकाळी लिफ्टकाका खुर्चीत मान मागे टाकून आधीच बसलेले असतात.

मित्रांनो, तुम्ही खेळा. शेळ्या शोधा, कंगवे शोधा, मी तुमच्या हातात आनंदाने थरथरेन, मला दुसरे काही येत नाही. पण घरात कोणाला दवाखान्याची तारीख मिळालेली असेल तर ती मोडू देऊ नका. ते माणूस हसत का असेना, त्याला हात धरून उठवा. माझ्या घरात तसे कोणी केले नाही, आणि आता मी हे सांगून त्यांना काही परत मिळणार नाही. संध्याकाळचे सात वाजत आले आहेत. मुलीच्या चपलांचा आवाज जिन्यात येतो आहे आणि लिफ्टकाकांनी मान मागे टाकली आहे.