परीक्षकांच्या टेबलावरची घंटी

परीक्षकांच्या टेबलावर नावाच्या पाच पाट्या होत्या. त्यातली एक पाटी आता हयात नसलेल्या बाईची होती.

"सॉरी सर," ऋतुजा म्हणाली. "पाट्या मुंबईहून छापून आल्या. मी त्याईले फोनवर दोनदा सांगितलं होतं, नाव बदलवा म्हणून. थांबा, कागदावर तुमचं नाव लिहून वरून चिकटवून देते."

"राहू दे," संघपाल म्हणाला.

"पण सर, तुम्ही बसून राहिले अन् पाटीवर मॅडमचं नाव. लोक काय म्हणतील?"

"बोलावणं तिलेच होतं नं? मी बदलीवर आलो."

ऋतुजानं काढलेलं पेन परत ठेवलं. ती संघपालच्या बायकोकडे, नंदिनीकडेच, पियानो शिकलेली होती आणि आता या स्पर्धेची सगळी धावपळ तिच्या डोक्यावर होती. पियानोच्या या आंतरराष्ट्रीय स्पर्धेची आशियाची फेरी एरवी मुंबईला नाहीतर गोव्याला व्हायची. या वर्षी सिव्हिल लाइन्समधल्या एका सभागृहाला कोणीतरी मोठा पियानो देणगी म्हणून दिला, म्हणून ती नागपूरला आली. नंदिनी रामटेके यांना परीक्षक म्हणून बोलावणं आलं तेव्हा उन्हाळा होता. तिनं ते दोनदा वाचलं आणि म्हणाली, "अहो, पाहा बरं, खरं आहे का कोणी मजाक करून राहिलं." पावसाळ्यात ती आजारी पडली. दिवाळीच्या आधी गेली. आयोजकांनी मग संघपालला विचारलं. दोघांचा सदर भागातला क्लास एकच, शिकवणंही एकच, तेव्हा तुम्ही याल का? संघपाल हो म्हणाला. घरात बसून तरी काय करायचं होतं?

संघपालचा बाप मिशनच्या शाळेत माळी होता. तिथल्या जुन्या पियानोवर तो शिकला. नंदिनी त्याच्यापेक्षा चांगली वाजवायची आणि चांगली शिकवायची, हे तो लग्नाआधीपासून मान्य करून बसला होता. तिच्या क्लासला वेळ नावाची गोष्ट नव्हती. जिन्यावर आया ताटकळत उभ्या राहायच्या. कोणी आत डोकावलं की ती म्हणायची, "पोरगी मधात आहे अजून. पूर्ण होऊ द्या नं."

ऋतुजानं पिशवीतून कागदात गुंडाळलेली एक वस्तू काढून टेबलाच्या टोकावर ठेवली. पितळेची घंटी होती, पूजेची.

"हे काय वं?"

"त्यांची विजेची बेल कस्टममध्ये अडकली सर. मग मी सकाळीच इतवारी बाजारात गेली अन् ही घेऊन आली. टोकाच्या खुर्चीवर बसते त्याच्याकडे घंटी राहते म्हणे. टोकाले तुम्हीच आहे."

"बौद्धाच्या हाती घंटी देऊन राहिली तू. आमच्या घरी कधी वाजली नाही."

"फक्त हलवा सर. ती आपोआप वाजते."

परीक्षकांचे प्रमुख होते हालमोश. हंगेरीचे, सत्तरीतले, उंच. सकाळी त्यांनी तर्री-पोहे खाल्ले होते आणि अजून कपाळ पुसत होते. त्यांनी सगळ्यांना रीत समजावून सांगितली. परीक्षकांनी एकमेकांशी बोलायचं नाही. टाळ्या वाजवायच्या नाहीत. सोनाटा या लांब रचनेचा पहिला भाग संपतो तिथं परत फिरण्याची, म्हणजे तोच भाग पुन्हा वाजवण्याची, दोन टिंबांची खूण असते, पण स्पर्धेत कोणी परत फिरायचं नाही, सरळ पुढं जायचं. तरीही ठरलेली वेळ संपली तर ते स्वतः मान हलवतील, मग टोकाच्या परीक्षकानं घंटी वाजवायची. घंटी झाली की स्पर्धकानं थांबायचं, उठायचं, वाकून नमस्कार करायचा आणि जायचं.

"यात कोणाचा अपमान नसतो," हालमोश म्हणाले. "जगात सगळीकडे असंच चालतं."

सकाळच्या भागात संघपालनं एकदा घंटी वाजवली. मनिलाहून रामोन नावाचा एक तरुण आला होता. तो बोटं जपून, विचार करत वाजवायचा, त्यात त्याला उशीर झाला. हालमोशनी मान हलवली, संघपालनं घंटी हलवली. रामोनचे दोन्ही हात एकदम वर उचलले गेले, जसे तव्याला लागल्यावर उचलले जातात. तो उठला, वाकला आणि गेला. पियानोत शेवटचा सूर थोडा वेळ घुमत राहिला. संघपालनं घंटी खाली ठेवली आणि हात पँटला पुसला. पुढचे दोन स्पर्धक त्यानं नीट ऐकलेच नाहीत.

जेवणानंतर भूमिका आली. उमरेडची. तिच्या आज्याचा हातमाग होता, बाप आता मिहानच्या एका कंपनीत सिक्युरिटीत होता, असं ऋतुजानं सकाळी सगळ्यांचीच ओळख सांगताना सांगितलं होतं. नागपुरातल्याच दुसऱ्या एका शिक्षकांकडे ती शिकलेली. संघपालनं तिला आधी कधी पाहिलं नव्हतं.

तिनं सोनाटा सुरू केला. पहिला भाग तिनं स्वच्छ वाजवला. चूक काढायला जागा नव्हती आणि लक्षात राहावं असंही काही नव्हतं. खूण आली. तिथून पुढं जायचं, तर ती मागं गेली. पहिल्या सुरापासून तिनं परत सुरू केलं.

हालमोशच्या भुवया चढल्या. शेजारी बसलेल्या कोरियाच्या मिसेस हान यांनी पेन खाली ठेवलं.

आणि मग संघपाल पुढं सरकून बसला. सूर तेच होते, पण पोरगी ती नव्हती. खांदे उतरले होते. डावा हात इतका हळू झाला होता की ऐकायला श्वास रोखावा लागत होता. मघाशी जे ती सांगत होती, ते आता स्वतःलाच विचारत असल्यासारखी वाजवत होती. परत फिरायची ती दोन टिंबं कशासाठी असतात, हे नंदिनी पोरांना सांगायची. "पहिल्यांदा लोकाईले ऐकवायचं असते. दुसऱ्यांदा आपण ऐकाचं असते." संघपाल हे आतल्या खोलीतून इतक्यांदा ऐकत आला होता की त्याला ते पाठ होतं. समोर घडताना तो फार दिवसांनी पाहत होता.

वेळ संपली. हालमोशनी मान हलवली.

संघपालचा हात घंटीवर गेला.

दवाखान्यातही घंटी होती. भेटीची वेळ संपली की एक बाई ती वाजवत वॉर्डातून फिरायची. शेवटच्या दिवशी नंदिनी त्याला काहीतरी सांगत होती. "अहो, ऐका नं, ते आपल्या क्लासच्या—" एवढं झालं आणि घंटी झाली. बाई खाटेजवळ येऊन उभीच राहिली. "जा तुम्ही," नंदिनी म्हणाली, "उद्या सांगते." क्लासच्या काय? किल्लीचं असेल, एखाद्या पोरीचं असेल, पडद्यांचंही असेल. आता ते कोणीच सांगणार नव्हतं.

हालमोशनी परत मान हलवली, जरा जोरात. मग बोटानं टेबलावर टकटक केलं.

संघपालनं घंटी उचलली. बोट आत घालून तिचा लोलक धरला, आणि तशीच मांडीवर घेऊन बसला.

भूमिका वाजवत राहिली. हालमोश त्याच्याकडे पाहत राहिले. संघपालनं त्यांच्याकडे एकदाही पाहिलं नाही. सोनाटा शेवटापर्यंत झाला. शेवटचा सूर विरला, तेव्हा सभागृहात जे थोडे लोक होते त्यांनी टाळ्या वाजवल्या. संघपालनंही वाजवल्या. घंटी मांडीवरून खाली पडली आणि तेव्हा वाजली.

परीक्षकांची खोली मंचाच्या मागं होती. हालमोशनी दार लावून घेतलं. बोलणं इंग्रजीत झालं.

"घंटी का वाजली नाही?"

"मी वाजवली नाही."

"ते आम्ही पाहिलं. का?"

"ती मुलगी मध्ये होती."

"सगळेच मध्ये असतात, मिस्टर रामटेके. म्हणून तर घंटी असते."

बाकी दोघं परीक्षक आपापल्या कपात पाहू लागले. हालमोश वाईट माणूस नव्हते. त्यांनी आवाज उतरवला आणि तोडगा सुचवला. वेळेपर्यंत जेवढं वाजवलं तेवढ्यालाच सगळ्यांनी मार्क द्यावेत. पुढचं ऐकलंच नाही असं समजावं. संघपालनं सगळ्यांसमोर दिलगिरी व्यक्त करावी, म्हणजे विषय संपला.

"ऐकलेलं न ऐकल्यासारखं मला करता येणार नाही," संघपाल म्हणाला.

"तिनं नियम मोडला. परत फिरली."

"परत फिरली त्याचे मार्क कापा. मीही कापतो. पण थांबायचा नियम तिनं मोडला नाही. घंटी झाल्यावर थांबायचं, असा तो नियम आहे. घंटी झालीच नाही."

"मग नियम कोणी मोडला?"

"मी."

हालमोश खुर्चीत मागं टेकले. "तुमच्या पत्नीची पाटी लावून बसला आहात तुम्ही. त्या असत्या तर त्यांनी नियम पाळला असता."

"तिनं?" संघपालला हसू आलं. घरातून निघाल्यापासून पहिल्यांदा. "साहेब, तिनं ती घंटी सकाळीच पर्समध्ये टाकली असती."

मिसेस हान हसल्या. हालमोश हसले नाहीत.

"आणि तो मनिलाचा तरुण?" त्यांनी विचारलं. "त्याच्यासाठी तुम्ही वाजवली. त्याला थांबवायचं आणि तुमच्या गावच्या मुलीला थांबवायचं नाही, याला तुमच्याकडे काय म्हणतात?"

हे संघपालला बरोबर लागलं.

"याला अन्यायच म्हणतात," तो म्हणाला. "आमच्याकडेही. त्याला परत बोलवा आणि पूर्ण ऐका."

"वेळ नाही."

"चहाची सुट्टी आहे," मिसेस हान म्हणाल्या. सकाळपासून त्या पहिल्यांदा बोलल्या होत्या. "मी चहा पीत नाही."

हालमोशनी त्यांच्याकडे पाहिलं, मग बाकी दोघांकडे. दोघांपैकी एकानं खांदे उडवले, दुसऱ्यानं मान डोलावली.

"एका अटीवर," हालमोश संघपालला म्हणाले. "त्या मुलीचे मार्क पूर्ण वाजवण्याचे धरू. तो तरुण परत वाजवेल. पण तुम्ही या टेबलावर नसाल. तुमचे मार्कही धरले जाणार नाहीत. नाहीतर दिलगिरी व्यक्त करा, बसा, आणि दोघांचंही वेळेपर्यंतचंच धरू द्या."

संघपालनं उत्तराला वेळ लावला नाही. "पाटी घेऊन जातो," तो म्हणाला. "नाव तिचं आहे."

बाहेरच्या व्हरांड्यात भूमिका उभी होती. तिला काहीतरी कुणकुण लागली होती.

"सर, तुमाले काढलं म्हणते. माह्यामुळं?"

"माह्यामुळं. तू काहून परत फिरली वं?"

तिनं जीभ चावली. "खरं सांगू? चुकून. घरी नेहमी परत फिरूनच वाजवते नं, हात आपोआपच मागं गेले. गेल्यावर समजलं. मंग म्हटलं, आता तं आपण कामातून गेलो. आता कायले भेवाचं?"

"तिथूनच चांगलं वाजवलं तू."

"पण सर, तुमी घंटी वाजवली नाही म्हणून स्पर्धेतून नाव कटलं असतं नं माहं! मले विचाराचं तं होतं!"

"कसं विचारू? तू वाजवून राहिली होती."

भूमिकानं त्याच्याकडे पाहिलं, रागवावं की काय करावं हे तिला कळेना. "माहे मार्क कटले का?"

"परत फिरल्याचे कटतील. बाकीचे धरतील. पुढं जाशील का नाही, ते मले माहीत नाही. मी आता पब्लिक आहे."

चहाच्या सुट्टीत सभागृह रिकामं झालं. संघपाल पहिल्या रांगेत जाऊन बसला. शेजारच्या खुर्चीवर त्यानं नंदिनीच्या नावाची पाटी ठेवली, नीट, मंचाकडे तोंड करून. भूमिका एक खुर्ची सोडून बसली. ऋतुजा हातात कागदांचा गठ्ठा घेऊन मागं उभी होती. तिनं पाटीकडे पाहिलं, तोंड फिरवलं, आणि दारावरच्या माणसाला उगाचच ओरडली.

टेबलावर आता टोकाला मिसेस हान होत्या. घंटी त्यांच्यापुढं होती.

रामोन आला. सकाळी हात उचलायला लावणारा माणूस पहिल्या रांगेत दिसला तेव्हा तो बिचकला. संघपाल उभा राहिला, त्यानं दोन्ही हात जोडले आणि परत बसला. रामोननं मान लववली. मग खुर्ची पुढं घेतली, मागं घेतली, आणि सुरू केलं.

सकाळसारखंच तो जपून वाजवत होता. त्याला घाई करता येत नव्हती, आणि आता ऐकताना वाटत होतं, का करावी? सकाळी जिथं तुटलं होतं ती जागा आली. संघपालची बोटं खुर्चीच्या हातावर आवळली. रामोन तिथून सावकाश पुढं गेला.

वेळ संपली. हालमोशनी मान हलवली.

मिसेस हान यांनी घंटी उचलली. भूमिकाच्या तोंडून "अरे बापा" निघालं. मिसेस हाननी घंटी हातात धरली, तिच्यावरची नक्षी पाहिली, उलटी करून आत पाहिलं, जणू बाजारात घ्यावी की नाही ते ठरवत होत्या. हालमोशनी टेबलावर टकटक केलं. बाईंनी अदबीनं मान डोलावली आणि नक्षी पाहत राहिल्या. टकटक परत झाली. मग ती थांबली. हालमोशनी चष्मा काढला, डोळे मिटले आणि ते नुसते ऐकत बसले.

रामोनचा शेवटचा सूर आला. त्यानं तो सुटू दिला, पूर्ण विरू दिला, आणि हात आपल्या आपण मांडीवर ठेवले.

तेव्हा मिसेस हाननी घंटी वाजवली. चांगली खणखणीत, घरात आरती चालल्यासारखी.

संघपालनं टाळ्या वाजवल्या. पब्लिकला त्याची मुभा होती.