पाहाचं असेल तर पासिंजरनं या

चेतनाला आतापर्यंत दोन मुलं पाहून गेली होती आणि दोन्ही वेळा तिनं गोंदियाच्या पॅथॉलॉजी लॅबमधून सुट्टी घेतली होती. तिसरं स्थळ केशोरीचं. मुलगा राहुल, घरची धानाची शेती, आणि घरात शब्द चालायचा तो काका योगराजचा. त्यांनी मंगळवार ठरवला आणि निरोपासोबत आणखी एक गोष्ट कळवली. पोरगी रोज गाडीनं येणं-जाणं करते असं ऐकलं, ते लग्नानंतर चालणार नाही.

सौंदडच्या घरी वडील मनिराम हे सांगत होते तेव्हा चेतना डबा भरत होती. तिनं त्यांच्या हातून फोन घेतला आणि योगराजलाच लावला.

"काकाजी, मंगळवारी सुट्टी नाही भेटत मले. पाहाचं असेल तर सकाळच्या पासिंजरनं या. तुम्ही अर्जुनीवरून बसा, मी सौंदडले चढीन. इंजिनापासून चौथा डबा."

गावात तोंड दाखवायला जागा ठेवली नाही पोरीनं, असं मनिराम दिवसभर म्हणत राहिले. मंगळवारी आई रुख्मानं मात्र डब्यात पाच माणसांना पुरतील इतके मुगाचे वडे भरले.

गाडी आली तेव्हा तिघं खरंच चौथ्या डब्यात होते. योगराज, राहुल आणि राहुलची आई चंद्रकांता. धानकापणीचे, कोवळ्या उन्हाचे दिवस होते, तरी उजवीकडच्या खिडकीतून ऊन थेट योगराजच्या डोळ्यांत येत होतं. चेतनानं सगळ्यांना डावीकडं आणलं. वडशाहून रोज येणारी नर्स रीता तिच्यासाठी तिथं ओढणी टाकून जागा धरून ठेवायची. तिघांच्या बाकावर चौघं, जवळ उतरणाऱ्यानं कडेला, लांब जाणाऱ्यानं आत, आणि म्हातारं माणूस आलं तर बिनबोभाट उठायचं, हा त्या डब्याचा कायदा होता.

योगराजला तो मानवला नाही. वरपक्ष म्हणून आलेला माणूस अर्ध्या बाकावर, एका बाजूला वालासारख्या पोपटीच्या शेंगा सोलणारी बाई आणि पायाशी तिची टोपली. चेतनानं वडे वाटले, रीतानं लोणचं काढलं, शेंगावाल्या बाईनं उकडलेले शिंगाडे दिले. चंद्रकांताला खिडकी मिळाली होती. बांध घातलेल्या लहान शेतांत, बांध्यांमध्ये, कापलेला धान आडवा पडला होता, मधेच एखादा तलाव यायचा, त्याच्या पाळीवर बगळे. तिनं शिंगाडा सोलता सोलता सांगितलं की अकरा वर्षांनी ती गाडीत बसली. कुठं जायचं झालं तर जीपमध्ये मागे कोंबून बसायचं, बाहेरचं काही दिसत नाही.

एका लहान स्टेशनात मालगाडीला वाट द्यायला पॅसेंजर थांबली. पाच मिनिटं, पंधरा मिनिटं. रोजच्या लोकांनी पाय लांब केले, कोणी नळावरून बाटल्या भरून आणल्या. योगराज घड्याळ बघत होते. मग सगळ्या डब्याला ऐकू जाईल असं त्यांनी विचारलं, "आमच्या घरी काय कमी आहे? काऊन रोज गाडीमागं धावाचं?"

"धावा नाही लागत काकाजी. वेळेवर आलं का बसाले भेटते," चेतना म्हणाली. कोणीतरी हसलं. ती हसली नाही. "नोकरी मी सोडणार नाही. केशोरीवरून अर्जुनी, अर्जुनीवरून ही गाडी. जमते."

योगराजनं घरंदाज बायका कशा राहतात ते सांगायला सुरुवात केली. चेतनानं ते ऐकून घेतलं आणि राहुलकडं वळली. "तुमचं काय म्हणणं आहे?"

राहुलनं मोबाइल खिशात घातला. "काकाजी म्हणतीन तसं."

मालगाडी आली. डबा हादरत राहिला आणि मिनिटभर कोणाचंच कोणाला ऐकू आलं नाही. मागच्या दोन्ही वेळा पाहुणे गेल्यावर चेतना आठवडाभर फोनकडं बघत बसली होती. या वेळी तिला कशाचीच वाट पाहायची नव्हती.

गोंदियाच्या फलाटावर उतरल्यावर तिनं हात जोडले. "काकाजी, माह्याकडून नाही आहे."

योगराज म्हणाले, होकार-नकार सांगायचा तो मुलाकडच्यांनी.

"तुम्ही पण म्हणा. मी पहिले म्हटलं."

योगराजनं तिथूनच परतीसाठी भाड्याची गाडी बोलावली. चंद्रकांता जागची हलली नाही. मी दुपारच्या पॅसेंजरनं येईन, असं तिनं शांतपणे सांगितलं आणि तिकीट खिडकीची रांग धरली. दीर हाक मारत राहिला, तिनं मान वळवली नाही. राहुल थोडा वेळ मधेच उभा राहिला आणि मग काकाच्या मागं गेला. पुलाच्या पायऱ्यांवरून चेतनाला हे सगळं दिसलं. मग ती लॅबकडं निघाली, तिथं उपाशीपोटी रक्त द्यायला आलेले लोक ताटकळले होते.

मनिराम चार दिवस तिच्याशी बोलले नाहीत. सकाळी मोटारसायकलवर स्टेशनला सोडायचे, ते तेवढं मुकाट्यानं. पाचव्या दिवशी फलाटावर गावच्या देवानंदनं चारचौघांत खोदून विचारलं, केशोरीवाल्यांनी नाही म्हटलं म्हणे.

मनिरामनं लेकीकडं पाहिलं नाही. देवानंदकडं पाहिलं. "त्यायनं नाही. आमच्या पोरीनं नाही म्हटलं," ते म्हणाले, आणि गाडी सुटेपर्यंत तिथंच उभे राहिले.