दिनविशेषातला एकेचाळिसावा

रेडिओवर रोज सकाळी बातम्या संपल्या की ‘आजचा दिवस’ सांगते ती मीच. या तारखेला पूर्वी कोण जन्मलं, कोण मेलं, काय बांधलं आणि काय बुडालं. माझ्या आधीच्या निवेदकांनी प्रत्येक तारखेचं कार्ड करून पत्र्याच्या पेटीत लावून ठेवलंय. दरवर्षी तेच कार्ड काढायचं आणि किती वर्षं झाली तेवढं बदलायचं. जन्म हसऱ्या आवाजात, मृत्यू खालच्या पट्टीत, आणि पुलांची उद्घाटनं मधे दम खायला. डोकं लागत नाही, म्हणून पगारही तसाच आहे.

एका कार्डाला हात लावणं मात्र माझ्या जिवावर येतं. त्यावर एका गणितज्ञाचा जन्म आहे, एका राणीचा मृत्यू आहे, शहरात पहिल्यांदा नळाला पाणी आलं त्याची नोंद आहे आणि शेवटी, ‘खाडीत फेरीबोट बुडून एकेचाळीस जणांचा मृत्यू.’ त्या एकेचाळिसांत माझे बाबा आहेत. मी तेव्हा शाळेत होते आणि धाकटा भाऊ आईच्या कडेवर.

बाबा सापडले नाहीत. आणखीही काही जण सापडले नाहीत. सरकारने थोडी वर्षं वाट बघितली आणि त्यांनाही मेलेल्यांत धरलं. आईने धरलं नाही. “पोहणारा माणूस तो, बुडेल कसा?” हे तिचं पालुपद. बाबा पंप दुरुस्त करायचे. त्यांचे पाने आणि पकडी ती अजून तेल लावून ठेवते. झोपताना दाराला कडी लावू देत नाही, दार नुसतं लोटून ठेवायचं. चोर आला तर, असं विचारलं की म्हणते, “येऊ दे की. घर बघून तोच काहीतरी ठेवून जाईल.” घराला रंग देताना आम्ही कडीही तशीच रंगवत आलो. आता ती दाराला घट्ट चिकटून बसली आहे.

त्या तारखेला आई माझ्याशी बोलत नसे. मी रेडिओवर आकडा उच्चारला की तिच्या लेखी बाबांना मीच मारलेलं असायचं. संध्याकाळी ताट समोर आदळायची, एवढाच संवाद.

या वर्षी तिच्या पोटात गाठ निघाली. आता थांबलो तर हातात काही राहणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं आणि ऑपरेशनची तारीख दिली. तीच तारीख. आदल्या संध्याकाळी मी दवाखान्यात गेले तर आई पलंगावर पाय सोडून भांडणाच्या तयारीतच बसली होती.

“उद्या चाळीस म्हण,” ती म्हणाली.

“आई, ते माझ्या हातात आहे का?”

“तोंड तुझंच ना? चाळीस म्हण. नाहीतर मी त्या टेबलावर चढणार नाही. मग डॉक्टर येऊ दे नाहीतर डॉक्टरचा बाप.”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. “अगं, जीव जाईल तुझा!”

“जाऊ दे. मग बेचाळीस म्हण.”

शेजारच्या पलंगावरची बाई हसली. मला मात्र तिथे उभं राहवेना. बाहेर जिन्यात जाऊन मी रडले. धाकटा मागोमाग आला. “ताई, एक आकडा तर आहे. कोणाला कळणार आहे? मी तुझ्या पाया पडतो. आई गेली तर त्या खऱ्या आकड्याला काय चाटायचंय?”

सकाळी मी चाळीस म्हणाले. आवाज जरासुद्धा हलला नाही, याचीच मला नंतर लाज वाटली. थोड्या वेळाने धाकट्याचा फोन आला. तो आनंदाने ओरडतच होता. “ऐकलं तिने! सही केली, ताई! पहिला नंबर तिचाच आहे, आत्ता नेतायत. नर्स फोन बंद कर म्हणतेय, ठेवतो.” मी खुर्चीत मागे रेलले आणि कितीतरी दिवसांनी चहा गोड लागला.

चहा संपेपर्यंत खालून निरोप आला, कोणीतरी भेटायला आलंय. एक म्हातारे शिंपी होते. गळ्यातली टेपसुद्धा काढली नव्हती, घरापुढच्या दुकानातून तसेच उठून सायकल मारत आले होते. धाप लागलेली. मला बघून ते एकदम उभे राहिले.

“बाई, कोण सापडलं?”

मला कळलंच नाही. “म्हणजे?”

“दरवर्षी एकेचाळीस म्हणता. आज चाळीस म्हणालात. म्हणजे एक जण जिवंत निघाला ना? माझी मुलगी होती बोटीत. ती पण सापडली नव्हती.” त्यांनी माझा हात धरला. “बाईमाणूस आहे का, तेवढं सांगा. बाकी काही नको.”

आपल्या आईपलीकडे हा आकडा कोणी जीव मुठीत धरून ऐकत असेल, हे इतक्या वर्षांत माझ्या मनातही आलं नव्हतं.

मी त्यांना खाली बसवलं आणि खरं ते सांगितलं. बाबांचं, आईचं, ऑपरेशनचं. ते चिडतील, शिव्या घालतील असं मला वाटलं होतं. घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ते टेपचं टोक बोटाला गुंडाळत राहिले.

“बायकोने पोरीची गादी उन्हात टाकलीय,” ते म्हणाले. “शेजाऱ्यांना सांगून आली, पोरगी येतेय. मी आता घरी जाऊन नाही म्हटलं तर ती माझं ऐकणार नाही. मला घरातसुद्धा घेणार नाही. तिचा रेडिओवर विश्वास आहे. तुम्हीच सांगा, बाई. लवकर सांगा. ती गल्लीच्या तोंडाशी उभी राहील दिवसभर.”

मी धाकट्याला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. म्हणजे तो नर्सच्या धाकात असणार आणि आई केव्हाच आत गेली असणार, गुंगीत असणार, असा मी हिशोब केला. तिला काही ऐकू जाणार नव्हतं. जागी झाली की तिच्यापुरतं चाळीसच राहील, ते मी सांभाळून घेईन.

दुपारच्या बातम्यांआधी मी माईकसमोर बसले. काचेपलीकडे शिंपीदादा उभे होते.

“सकाळच्या कार्यक्रमात फेरीबोटीच्या अपघातातल्या मृतांची संख्या चाळीस सांगितली गेली. ती माझी चूक होती. मृत एकेचाळीस आहेत. कोणीही सापडलेलं नाही.” पुढचं कार्डावर नव्हतं. “त्यांत माझे वडील आहेत. ते गेले.”

बाहेर आले तर शिंपीदादा निघून गेले होते. फोन वाजत होता. धाकटा.

“ताई, काय केलंस हे?”

“का? आई आत आहे ना?”

“कुठली आत? अपघाताची केस आली, ती आधी घेतली. आई इथेच स्ट्रेचरवर होती. वॉर्डबॉयचा रेडिओ चालू होता.”

“नाही म्हणाली? उठली?”

“उठली असती तर बरं होतं. मला वाटलं आता थैमान घालेल, सगळा दवाखाना डोक्यावर घेईल. ती भांडलीच नाही, ताई. डॉक्टर आले, चला म्हणाले, तर गुपचूप मान हलवली. आई कधी भांडल्याशिवाय राहिलीय का?” तो रडायला लागला. “आत्ता आत नेताना एवढंच म्हणाली, आज रात्री दाराला कडी लावून घ्या.”

“थांबव तिला!” मी किंचाळले. सगळं ऑफिस माझ्याकडे वळून बघायला लागलं. “धाव, तिला सांग मी खोटं बोलले. चाळीसच आहेत म्हणावं. तिला सांग, चाळीस!”

पलीकडे त्याच्या धावण्याचा आवाज आला, मग कोणीतरी त्याला अडवल्याचा.

“ताई,” धाकटा म्हणाला, “दार लावून घेतलं त्यांनी.”