कुलपातल्या गोळ्या

भातकुलीच्या सुभद्राबाईंना सकाळी सकाळी काहीतरी व्हायचं. घाम फुटायचा, हातपाय थरथरायचे, आणि चहात मीठ टाकून त्या वर म्हणायच्या, "काय झालं, प्या ना." मूर्तिजापूरहून भाऊ आणायचा त्या काळ्या गुळाचा खडा तोंडात गेला, की बाई पुन्हा जाग्यावर. अमरावतीच्या डॉक्टरांनी तपासलं, तर साखर पार तळाला. मधुमेह नवऱ्याला आणि साखर उतरलेली बायकोची. डॉक्टरांनी साहजिकच विचारलं, यांच्या गोळ्या तर चुकून पोटात जात नाहीत ना?

नवऱ्यानं, नत्थुजींनी, त्याच दिवशी आपल्या गोळ्यांच्या डब्याला कुलूप घातलं आणि किल्ली करदोड्याला बांधली.

"तुले भान नसते," ते म्हणाले. "माया गोळ्या खाऊन राहिली तू."

सुभद्राबाईंना ते फार लागलं. त्याहून वाईट म्हणजे त्यांना स्वतःचीच खात्री वाटेना. गूळही भराभर संपायचा, आणि आपण तो कधी खाल्ला हे आठवायचं नाही. गूळ आठवत नाही, तर गोळी तरी कशी आठवणार?

कुलूप लागलं तरी थरथर थांबली नाही. शेवटी स्कॅनमध्ये स्वादुपिंडावर बोराएवढी गाठ दिसली. नको तेव्हाही इन्सुलिन सोडत बसणारी. अकोल्याला ऑपरेशन झालं. अशा गाठी तपासणारी डॉक्टर म्हणजे त्यांची पुतणी प्रणाली. रिपोर्ट घेऊन ती घरीच आली.

"गाठ साधी आहे काकू. सारं तिचंच काम, गोळ्यांचं नाही. पण आत एक साका सापडला. अमायलॉइड म्हणतात. इन्सुलिनसंगं एक प्रथिन निघते, तेच साचून बसते. मधुमेहवाल्यांच्या स्वादुपिंडातबी बहुतेक हेच असते. काकाजींच्याबी असन. तुमचे आजार उलटे, पण साका एकच."

"म्हंजे मायापासूनच लागलं म्हन इले," नत्थुजी खूश झाले.

"लागत नसते ते. आन् आता किल्ली द्या काकूले."

"राहू दे वं. सवय झाली कुलपाची."

प्रणालीनं हात पुढेच धरला. नत्थुजींना किल्ली सोडायला फार वेळ लागला.

सुभद्राबाईंनी डबा उघडला. वर गोळ्यांच्या पट्ट्या, खाली कागदात बांधलेला मूठभर काळा गूळ. त्या बघतच राहिल्या. आपलं डोकं ठिकाणावर होतं, या आनंदानं त्यांचे डोळे भरून आले. नत्थुजी खिडकीबाहेर बघत होते.

डोळे पुसून त्यांनी डबा पुतणीपुढे धरला.

"प्रणाली, इथंबी साकाच निंघाला वं."