कमलताईची फ्लॉपी

ऐक व्यंकटी, मधी बोलू नको, नुसतं ऐक. काल मी माझी फ्लॉपी खसकन् ओढली अन् तिथंच कमलताईंची घातली. बस्, एवढंच केलं.

आमच्या ज्वारी संशोधनाच्या हापिसातलं ते युनिक्सवालं कॉम्प्युटर लय हट्टी. फ्लॉपी काढायच्या आधी त्याला हुकूम द्यावा लागतो, काढायलोय म्हणून. न्हाई दिला तर लिहायचं ते पोटातच धरून बसतंय, अन् पडद्यावर मात्र काम झालं दिसतंय. मला पिंगळीची गाडी गाठायची घाई! ताई म्हणल्या होत्या, माझी उघडतीय का तेवढं बघून जा. हुकूम आठवला तवा आत त्यांची फ्लॉपी. तरी बी मी दिला. मशीननं पोटातलं माझं सगळं त्यांच्या फ्लॉपीवर ओकलं.

ताईंचे तीन हंगामाच्या ज्वारीचे आकडे गेले रे. मशीनमधी जागा न्हाई म्हणून त्या एकट्या फ्लॉपीवर. कागदं तर वाळवीनं खाल्लेली. अन् रोजंदारीवरच्या ताईंना कायम नोकरीत घ्यायचं का न्हाई, ते त्याच आकड्यांवर ठरणार होतं.

आज सकाळी आमचे साहेब, दिनकरराव सर, त्यांनी ताईंची फ्लॉपी लावली. पडद्यावर नुसता कचरा.

"कमलबाई, हे काय?"

ताई वाकल्या. कचऱ्यात एका ठिकाणी इंग्रजीत पिंगळी लिहिलेलं. पिंगळीच्या शेताचं काम हापिसात माझ्या एकट्याकडं. ताईंची नजर तिथंच थांबली. पदरानं चष्मा पुसला, परत बघितलं. मला वाटलं, संपलो.

"सर, चूक माझीच," त्या म्हणल्या. "काल डब्यात ठेवली होती, भाकरीसंगं."

"किती डाव सांगितलं, डब्यात ठेवू नका म्हणून! आता वर काय पाठवू मी?"

मी आपला टेबलावरच्या फायली सारख्या करीत बसलो.

काल घाईत माझी फ्लॉपी मशीनपाशीच राहिली होती, ती दुपारी ताईंनी माझ्यापुढं ठेवली.

"सुग्रीव, पिंगळीचं परत उतरवून घे. हिच्यावर काहीच आलं न्हाई."

अन् डब्यातली अर्धी भाकरी मोडून माझ्या हातावर दिली.

"ह्या बारीला हुकूम दे बरं का, राजा. मी शिकवलेलं हाय."

खाल्ली मी ती भाकरी, व्यंकटी. समदी खाल्ली. उद्या दहाला सर त्यांचं नाव काढून कायम होणाऱ्यांची यादी वर पाठवणार हायेत.

तू असतास तर काय केलं असतंस, सांग?