चोवीस टकली मुळं

शनिवारी सकाळी सातला मी प्रयोगशाळेत बादलीसमोर उभी होते. म्हणजे उभी कसली, नाचतच होते. माझ्याच्यानं एका जागी राहवत नव्हतं.

बादलीत ओल्या खाकी कागदाच्या दोन गुंडाळ्या. एकीत माझ्या कणसाचे चोवीस दाणे मुळं फुटून वाढत होते, दुसरीत तुलनेसाठी साधा मका. माझ्या म्हणजे अगदी माझ्या. जुलैत, आयोवाच्या त्या उकाड्यात, मी अठरा झाडांच्या तुऱ्यांवर कागदी पिशव्या चढवल्या, ज्याचा पराग त्याच्याच कणसावर झटकला, आणि एवढं करून धरली तीन कणसं. त्यातली दोन रकूनांनी, म्हणजे इथल्या रात्री चोरून खाणाऱ्या प्राण्यांनी, फस्त केली. उरलं हे एक.

मक्याच्या मुळांवर बारीक लव असते, जमिनीतलं अन्न तीच ओढते. लव कशामुळे येते ते शोधायला प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉक्टर पेटिग्रूंना हवा होता लव नसलेला मका. लव येऊ न देणारा तो एक बिघडलेला जनुक कुठे सापडतो, हेच आमचं सगळं काम. हिवाळ्यात पेरायला बियांची पेटी उबदार पोर्टो रिकोतल्या शेताला जायची होती, आज साडेचारला. पेटीत एकच जागा शिल्लक होती. माझ्या कणसात तो जनुक लपलेला असला, तर ती माझी. सोळाव्या वर्षी शेतात स्वतःची ओळ! वर्गात हात वर करायला घाबरणारी मी, गेल्या वसंतात इथे आल्यापासून नुसती बडबडतेय, आणि आता तर गप्प बसणं अशक्यच होतं.

मी गुंडाळी उलगडली. पहिलं मूळ गुळगुळीत. दुसरं गुळगुळीत. तिसरं, चौथं...

“ऑर्विल! टकली! सगळीच्या सगळी!”

प्रयोगशाळेतला सहायक ऑर्विल चाळीस वर्षं मक्यात आहे. तो सिंकपाशी कालच्या चिलीबरोबरचा, म्हणजे तिखट राजमा-रश्श्याबरोबरचा, उरलेला दालचिनी रोल खात होता. “सगळी? जनुक लपलेला असला तरी चारात एकच टकलं यायला पाहिजे होतं, पोरी.”

“आईच टकली असेल तर? मग पोरं सगळी टकलीच! तिची मुळं कुणी उपटून बघितली होती?”

“कुणी नाही.”

“मग!”

“मग काही नाही. आरडाओरडा थांबव आणि दुसरी गुंडाळी उघड.”

पण तेवढ्यात डॉक्टर पेटिग्रू आल्या. मला धीर कुठला! मी सगळं एका दमात सांगून टाकलं.

“शुद्ध टकली? पहिल्याच फटक्यात?” त्यांनी माझ्या कणसाच्या उरलेल्या दाण्यांचं पाकीट उचलून पेटीत टाकलंसुद्धा. “टिल्डा, आपलं अख्खं एक वर्ष वाचवलंस तू!” आणि त्या हसत खोलीत गेल्या.

मी तरंगत दुसरी गुंडाळी उघडली. साधा मका. टकला.

मी एकेक मूळ परत बघितलं. ऑर्विलनं नुसतं बादलीकडे बघितलं. “पाणी किती घातलं होतंस?”

गुरुवारी शाळेच्या बँडच्या सरावाला पळताना मला वाटलं होतं, दोन दिवसांत कागद सुकला तर? ऑर्विलचं माप दोन बोटांचं. मी काठोकाठ भरलं. बुडालेल्या मुळाला लव फुटत नाही, हे मी स्वतः वहीत लिहिलेलं होतं, खाली रेघ मारून.

“काठोकाठ,” मी म्हणाले.

“मी काही सांगायला जाणार नाही,” तो म्हणाला. “ते तुझं काम.”

गुंडाळी परत गुंडाळता आली असती. पेटी बंद झाली असती, ओळ माझी झाली असती. मी दाराशी गेले, परत आले, परत गेले.

“डॉक्टर, ते टक्कल खरं नाही. मी त्यांना बुडवलंय. साधा मकाही टकला निघाला.”

त्यांचं हसू गेलं. घड्याळ बघून म्हणाल्या, “जास्तीचं पाणी ओतून टाक. प्रत्येक मुळाच्या टोकाशी शाईचा ठिपका दे. ठिपक्यापुढे जे वाढेल, त्यावर लव येते का ते चारपर्यंत कळेल. तोवर पाकीट पेटीतच राहू दे.”

तो दिवस संपेचना. दर दहा मिनिटांनी मी कागद उचलायची. मग कुंड्या घासल्या, आधीच घासलेल्या परत घासल्या.

“अगं, तू टक लावून बसलीस म्हणून ती लाजून केस वाढवणारेत का?” ऑर्विल ओरडला. “सारखा कागद उचलून सुकवशील त्यांना!”

“मग मी काय करू?”

“श्वास घे.”

चारला भिंग घेतलं. साध्या मक्यावर ठिपक्यापुढे पांढरी, मऊ लव होती. माझं पहिलं मूळ: लव. दुसरं: लव. सहाव्यापर्यंत मी मोठ्यानं मोजत होते, नंतर नुसतं बोट ठेवत गेले. चोवीसच्या चोवीस मुळांवर लव. परत उलटीकडून मोजलं. एकही टकलं नाही. कणसात काहीच लपलेलं नव्हतं.

डॉक्टर काही बोलायच्या आत मी पेटीतून माझं पाकीट काढलं. “जागा रिकामी नको जायला. ऑर्विल, तुझं ते जुनं बी आहे ना, तो जनुक लपलेला असल्याच्या खात्रीचं?”

“आहे.”

त्यानं कपाटातून पाकीट काढून माझ्या हातावर ठेवलं. पेटीच्या यादीतला माझ्या पाकिटाचा आकडा मी खोडला, इतका जोरात की कागद फाटला, आणि शेजारी त्याचा लिहिला.

“हळू, टिल्डा,” डॉक्टर म्हणाल्या.

“साडेचार होतील,” मी म्हणाले आणि पेटी बंद करायला चिकटपट्टी ओढली.